अकरा सेकंद पुढची हाक

बादल गेला तो बाबारावमुळे. पंचनाम्यात काहीही लिहिलेलं असो, मालकाने आणि दिग्रसच्या चार शहाण्या म्हाताऱ्यांनी चहा पिता पिता काहीही ठरवलेलं असो. बाबारावला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं आणि तो गप्प बसला, कारण ह्या लोकांना तोंड दिलेलं असतं ते फक्त पोरांना अक्कल शिकवायला.

बाबाराव हा रोशनचा सख्खा मामा. दिग्रसच्या बाहेर, दारव्ह्याच्या रस्त्याला एक जिनिंग-प्रेसिंग आहे, तिथला मॅनेजर. कापसातून सरकी वेगळी करायची, रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, असा तिथला धंदा. रोशनने इंजिनिअरिंग दीड वर्षात सोडलं तेव्हा मामाने त्याला इथे चिकटवला, आणि ते उपकार रोज सकाळी हजेरीसारखे घेतले. "माह्या शब्दावर ठेवलं तुले मालकानं. पाह्य बाप्पा, नाक कापू नको." रोशनचं काम म्हणजे जिनमधले कॉम्प्युटर, कॅमेरे, इंटरकॉम आणि त्यांना जोडणाऱ्या तारा सांभाळणं.

साल बोंडअळीचं होतं. अर्धा कापूस अळीने बोंडातच खाल्ला होता, उरला तो पिवळट, कवडीचा. तरी फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती आणि वर डिसेंबरात येऊ नयेत असे ढग. अशा दिवशी सकाळी दहाला गाड्यांचा वजनकाटा थांबला. मग प्रेस थांबली, कारण ऑफिसातून नंबर आल्याशिवाय गाठ बांधायची नाही असा मालकाचा हुकूम होता. अकराला मालकाचा फोन आला. चारपर्यंत चालू नाही झालं तर नागपूरचा माणूस बोलावतो, आणि मग तुझ्या भाच्याचं इथे काय काम, असं त्याने बाबारावला विचारलं. बाबारावने ते रोशनला सगळ्यांसमोर, दोनदा सांगितलं.

बिघाड काय होता ते सांगायला हवं. जिनमध्ये तीन स्विच होते. स्विच म्हणजे भोकांची पेटी, प्रत्येक भोकात एक तार. एक ऑफिसात, एक नव्या प्रेस हॉलात, आणि ह्या दोघांच्या मध्ये अंतर फार म्हणून एक जुन्या प्रेस हॉलात, जो नऊ वर्षांपासून बंद होता. ऑफिसातल्या स्विचला एक खोड दिलेली असते. तो दर सेकंदाला प्रत्येक तारेत एक हाक टाकतो, हाकेवर आकडा घातलेला. त्याचीच हाक त्याच्याकडे परत आली तर तो समजतो की तारांचा कुठेतरी वेढा झाला, निरोप गोल गोल फिरून सगळं जाम होणार; आणि ज्या भोकातून हाक परत आली ते भोक बंद करून टाकतो. त्या दिवशी तो सातवं भोक बंद करत होता. सातव्यातली तार जुन्या हॉलात जात होती.

रोशनने पहिला संशय बाबाराववर घेतला, आणि तो खरा निघाला. दसऱ्याला बाबारावने स्विचची पूजा केली होती. झाकणावर हळदीकुंकू अजून होतं आणि दोन भोकांत झेंडूच्या पाकळ्या वाळून बसल्या होत्या. शिवाय लोंबकळती तार दिसली की ती जवळच्या भोकात खोचून द्यायची त्याची जुनी सवय. तशी एक तार सापडली, दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये.

"मामा, हे तुम्ही खोचलं?"

"लोंबून राह्यली होती. बरं दिसते का ते?"

रोशनने दात आवळून ती उपटली, पाकळ्या चिमट्याने काढल्या, सातवं भोक पुन्हा उघडलं. सगळे दिवे हिरवे झाले. आठ मिनिटांनी सातवा पुन्हा नारिंगी.

मग त्याने तार बदलली. भोक बदललं, तरी तार जिथे लावावी तेच भोक बंद. शेवटी ती परत सातव्यात आणली. स्विच पुसून कोरा केला, सगळं पहिल्यापासून भरलं. आठ मिनिटं, सहा मिनिटं, मग लगेच. वेढा कुठेच नव्हता. कागदावर चित्र काढून त्याने प्रत्येक तार बोटाने गिरवली. घामाने कागद भिजला. मागे खुर्ची टाकून बाबाराव बसलेला, सुपारी कातरत. "एवढं शिकून काय उपेग? आमच्या वक्ती एका ठोक्यात चालू व्हायचं."

दीडच्या सुमाराला बादल आला. नव्या प्रेसवरचा माणूस, जवळच्या तांड्यावरचा, केसांत आणि भुवयांत रुई अडकलेली, पंचविशीतच म्हातारा दिसणारा. रोशन कॉलेज सोडून आला तेव्हा साऱ्या वस्तीने कारण विचारलं. न विचारणारा एकटा बादल. त्याने फक्त डबा पुढे सरकवला होता.

"काय इंजिनेर? व्हते का नाई? का आमी घरी जाऊन झोपाव?"

"दीड वर्षाचा इंजिनेर आहो मी. दीड वर्षाएवढंच होईल."

"मंग उरलेलं मी करतो, सरक." त्याने स्विचला एक टपली मारली. "जेवला काय?"

"चालू होऊ दे."

"भाकर झाकून ठेवतो तुह्यासाठी. मायनं ठेचा देल्ला हाय."

तो गेल्यावर रोशन जुन्या हॉलाची किल्ली घेऊन निघाला. बाबारावची सुपारी थांबली.

"तिकडं कायले?"

"मधला स्विच तिथं आहे ना. तुम्हीच तर तार तिथून नेऊ दिली."

"मालकानं नेली." एवढं बोलून तो अडकित्त्याकडे पाहत राहिला.

जुन्या हॉलाला खिडकी नाही. दुपारचे दोन, बाहेर ढगाळ उजेड, आणि दार ढकलल्यावर आत पहाटेसारखा अंधार. वरच्या पत्र्याला एकदोन भोकं, त्यांतून पडलेले प्रकाशाचे ठिपके जमिनीवर हलत नव्हते. छताच्या कैच्यांवरून जुन्या रुईचे लोंबते धागे, काळे, तेलकट, एखाद्याने मुद्दाम टांगल्यासारखे. वास खवट सरकीचा, जुन्या लोखंडाचा, आणि त्याखाली आणखी काहीतरी गोडसर, भिजून वाळलेल्या पोत्यासारखं. मध्यावर खड्ड्यात जुन्या प्रेसची पेटी, दार उघडं. वर तिचा दट्ट्या, रुई दाबायचा लोखंडी ठोकळा, अर्ध्यावर थांबलेला. एरवी जिनमध्ये दिवसभर घरघर असते, माणसाला तिची सवय होते. आज सगळं बंद. रोशनला आपला श्वास ऐकू येत होता आणि तो त्याला आवडला नाही.

ह्याच पेटीत उकंडा मेला होता. फुलसावंगीकडचा मजूर. अडकलेली रुई पायाने सारायला आत उतरलेला, आणि वरून दट्ट्या आला. दारू पिऊन उतरला होता, असं सगळे सांगायचे. उकंडा तंबाखूसुद्धा खात नव्हता असं रोशनने लहानपणी त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकलं होतं, पण बायकांचं कोण ऐकतो. उकंडाच्या नंतर बाबारावने प्रेसवर एक रीत घातली: पेटीत माणूस उतरला असेल तर त्याला नावाने तीनदा हाक मारायची, तीनदा ओ घ्यायचा, तेव्हाच दांडा ओढायचा. नवी प्रेस आली तरी तीच रीत चालली. यंदा इंटरकॉम बसले आणि बाबारावनेच ती मोडली. "तीनदा तीनदा कायले वरडता? डब्ब्यात एकदा पुसा आन् चालू करा. मालकाले गाठी पाह्यजे." ह्या जिनमध्ये सगळ्या बिनकामाच्या रीती अजून चालू आहेत. कामाची होती ती गेली.

मधला स्विच भिंतीवर होता, शेजारी इंटरकॉमचा एक डबा. ठेकेदाराकडे एक जास्तीचा उरला म्हणून इथे ठोकलेला. रोशनने ऑफिसात फोन लावला. तिथे कॉम्प्युटरवर पायल बसायची. तिखट तोंडाची, पण डोकं शाबूत असलेली त्या ऑफिसातली एकमेव व्यक्ती.

"पायल, सातवं उघड. काय दिसते सांग."

"उघडलं... परत आली. बंद झालं."

त्याने नव्या हॉलाकडे जाणारी तार काढली. आता मधल्या स्विचला फक्त ऑफिसची एक तार. एका तारेचा वेढा होत नाही.

"उघड."

"परत आली."

त्याने स्विचचा प्लग उपटला. दिवे विझले. डबा मेला.

"उघड."

"परत आली, रोशन."

मग त्याने ती तारच स्विचमधून ओढून काढली आणि तिचं टोक बोटांत धरून उभा राहिला. पलीकडे काही नाही. स्विच नाही, वीज नाही. फक्त एका पोराचा हात.

"उघड."

"तू काई मस्करी करून राह्यला काय?"

"काहून?"

"परत आली."

त्याने टोकावर अंगठा दाबून धरला. "आता?"

"...आली."

तारेला आवाज नसतो हे त्याला माहीत होतं. तरी त्याने ते टोक कानाजवळ नेलं आणि लगेच खाली घेतलं. ऐकू काहीच आलं नव्हतं. ऐकू येईल असं वाटलं, तेवढंच पुरे होतं.

"हाकेवरचे आकडे वाच," तो म्हणाला. आवाज खाली आला होता, का ते त्याला कळलं नाही. "कोनती गेली, कोनती परत आली."

"गेली चार हजार एकशे वीस. परत आली... चार हजार एकशे एकतीस."

"उलटं वाचून राह्यली तू."

"मले आकडे येतात, रोशन."

"एकतीस अजून गेलीच नाही तर परत कशी येईल?"

"ते तू सांग. इंजिनेर तू हाय."

दोघं थांबले. फोनमधून तिकडच्या पंख्याची घरघर येत होती. रोशन मनात मोजत होता. अकरा म्हटलं आणि पायल हळूच बोलली, "आता गेली. एकतीस."

त्यांनी पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. दर वेळी तेच. हाक जायच्या अकरा सेकंद आधी परत येत होती. खड्ड्यातल्या पेटीचं उघडं दार रोशनच्या पाठीशी होतं आणि त्याने मान वळवली नाही.

तेवढ्यात पायलच्या हातातला फोन बाबारावने घेतला. "तीन वाजले. मालक निंघाला यवतमाळहून. झालं काय?"

"मामा, ह्या हॉलात काय झालं होतं?"



"काई नाई. उकंडा दारू पेला होता."

"मी उकंडाचं पुसलंच नाही."

"पाह्य रोशन..." बाबारावचा आवाज एकदम म्हातारा झाला, मग पुन्हा मॅनेजरचा. "ते तपासनं बंद करता येते का नाई? हाक बिक जे काय हाय ते."

"येते. पण ते काहून..."

"तं बंद कर. आन् ये इकडं."

रोशन शिव्या घालत होता, मनात आणि थोड्या तोंडातून. सकाळपासून पोटात काही नाही. हे काय आहे ते समजून घ्यायला एक दिवस हवा होता, एखादा शहाणा माणूस हवा होता, आणि मिळाला होता हा. चार वाजता नोकरी जाणार होती. यंत्राला चूक झाली, त्याचं घड्याळ बिघडलं, असं म्हणून टाकलं की झालं. त्याने तारा जागच्या जागी लावल्या, प्लग खोचला, लॅपटॉप जोडला, आणि सातव्या भोकासाठी हाकेची तपासणी बंद करायचा हुकूम दिला. यंत्राने विचारलं, नक्की का. त्याने नक्की म्हटलं.

दिवे हिरवे झाले, आणि हिरवेच राहिले. फाटकाकडून गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडे नव्या हॉलात प्रेस धडधडू लागली. शेजारचा इंटरकॉमचा डबा खरखरला. सगळे डबे एकाच तारेवर, एकाचं सगळ्यांना ऐकू जायचं.

"जमलं बे इंजिनेर," डब्यातून बादल. "ये आता, भाकर वातड झाली."

रोशनला हसू आलं. बटण दाबून म्हणाला, "ठेचा संपवू नको."

तो वायरी गुंडाळत होता. दहा मिनिटं झाली असतील. धडधड थांबली, पेटीच्या कोपऱ्यात रुई अडकली असावी, दिवसातून चारदा अडकायची. दोन्ही हॉलांच्या मध्ये फक्त पत्रा. त्यातून बादलच्या चपला शिडीवरून खाली उतरताना ऐकू आल्या, मग तो आत रुई सारताना शीळ घालू लागला. शीळ पेटीत घुमायची, त्यामुळे तो आत आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण प्रेसचा दांडा काचेच्या केबिनमध्ये, तिथे पूनमसिंग काका, साठीचा माणूस. त्याला पेटीचा तळ दिसत नाही आणि डब्याशिवाय काही ऐकू येत नाही.

डबा खरखरला. "बादल, निंघाला काय रे?"

लगेच उत्तर आलं. "निंघालो काका. दाबा."

आवाज बादलचा. रोशनच्या हाताशी, डब्यातून. आणि त्याच क्षणी पत्र्यापलीकडे, पेटीत, शीळ चालूच होती.

रोशनचा हात बटणापासून वीतभर लांब होता. त्याने बटण दाबायला हवं होतं. सकाळपासून तो त्या आकड्यांमागे असा लागला होता की त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली. हाक अकरा पुढची असेल तर खरी अकराव्या सेकंदाला येईल. एक. दोन. तीन. पाहू येते का. चारला दट्ट्याचा फुसकारा ऐकू आला. पाचला शीळ थांबली. सहाला त्याला कळलं की तो काय मोजतोय, आणि त्याने बटणावर मूठ हाणली, ओरडला, पळाला, दारात पडला, उठला.

दट्ट्याला खाली यायला सहा सेकंद लागतात.

अकराव्या सेकंदाला कोणी काही बोललं नाही.

रात्री दवाखान्याच्या पायरीवर बाबाराव त्याच्या शेजारी येऊन बसला. आत पोस्टमॉर्टेमची वाट पाहत तांड्यावरची माणसं उभी होती. बाबारावने इकडेतिकडे पाहिलं.

"उकंडाच्या वक्ती दांड्यावर मी होतो," तो म्हणाला. "मले बी ओ आला होता."

रोशनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तवा डब्बे नोहते. खड्ड्यातून आला आवाज. त्याचाच. म्हून दाबलं मी. मंग... मंग नंतर एक दिवस दुपारी एकटा गेलतो तिथं. रिकाम्या पेटीवर हाक मारून पाह्यली."

"आन्?"

"दोनदा ओ येते. तिसऱ्या वक्ती येत नाई."

"म्हणून तीनदा लावलं."

"हाव."

"आन् कोनाले सांगतलं नाही."

"कोन मानलं असतं?"

"त्याच्या बायकोनं मानलं असतं. तुम्ही तिच्या नवऱ्याले दारुड्या केलं, मामा. नऊ वर्षं."

बाबारावने पंच्याने तोंड पुसलं. "मोठ्या मानसाशी असं नाई बोलत," तो म्हणाला, आणि उठून मालकाच्या गाडीकडे गेला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना बसवून इंटरकॉमचं रेकॉर्डिंग लावलं. कामगार काय बोलतात ते ऐकायची मालकाला हौस, म्हणून सगळं साठवलेलं असायचं. पोलीस होते. बादलची आई रामीबाई दाराशी जमिनीवर बसली होती, खुर्ची दिली तरी. पूनमसिंगचा प्रश्न वाजला, मग बादलचं उत्तर. दोनदा वाजवलं. मालक म्हणाला, पोराने स्वतः सांगितलं दाबा, आता कोणाला काय विचारायचं. बाबारावने मान हलवली. पंचनाम्यात मृताचा निष्काळजीपणा असं लिहिलं.

"आखरी एक बार लगाव," रामीबाई म्हणाली.

पायलने लावलं. रामीबाई डोळे मिटून ऐकत होती.

"दम लागला हाय त्याले," ती म्हणाली. "शिडी चढून आल्यावाणी."

पोलीस कागद गोळा करू लागले. पायलने रोशनकडे पाहिलं आणि आवाज पूर्ण वाढवून तोच तुकडा पुन्हा लावला, फक्त दोघांना ऐकू जाईल असा, इअरफोनचं एकेक टोक कानात घालून. "निंघालो काका" म्हणणारा माणूस धापा टाकत होता. आणि "दाबा" म्हणायच्या जरा आधी मागे एक आवाज होता, लोखंडावर लोखंड, मग कडीचा खटका. पेटीचं दार लावल्याचा. आतून बाहेर आलेला माणूस लावतो तसा, लाथेने.

पेटीचं दार उघडंच सापडलं होतं. फोटोत आहे. बाहेर येऊन, दार लावून बादल जे अकरा सेकंदांनी म्हणणार होता, ते आधीच येऊन पोचलं होतं.

जुन्या हॉलातून तार काढली. नवी वरून, खांबांवरून नेली. मालकाने रोशनला महिन्याच्या शेवटी कायम केलं आणि बाबारावने सगळ्यांना पेढे वाटले. रोशनला मित्र एकच होता, तो गेला.